पोकळ झाड म्हणजे मेलेले झाड नव्हे

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीमालाच्या भावाचा विषय बाजूला ठेवून आम्ही आज जुन्या झाडांचा आणि वटवाघळांचा विषय घेऊन उभे राहिलो, तेव्हा मागच्या रांगेत थोडी हसाहशी झाली. ती आम्ही ऐकली. हसायला हरकत नाही. पण हसणाऱ्यांनी आपापले बांध आठवून पाहावेत. बांधावर, विहिरीवर नाही तर गोठ्यामागे एक तरी जुने झाड आहे, ते आतून कुजते आहे आणि त्याचे काय करायचे हे घरात ठरत नाही. म्हातारा म्हणतो राहू दे, पोरगा म्हणतो पाडून टाका, आणि लाकूडवाला दर आठवड्याला मोटारसायकलवरून येऊन चौकशी करून जातो. त्या झाडावर वटवाघळे असतील तर मग विचारूच नका. भाऊबंदकीच्या बांधाइतका तो वाद चिघळतो.

आमच्या गावचे सांगतो. गावतळ्याच्या काठावर दोन वड, एक चिंच आणि तीन अर्जुन आहेत. वडांवर आणि अर्जुनांवर मोठी वटवाघळे पिढ्यान्‌पिढ्या लटकतात. चिंच थोडी बाजूला, एका शेतकऱ्याच्या बांधावर आहे. तिच्या ढोलीत लहान वाघळे राहतात, ज्यांना आमच्याकडे कोणी पाकोळ्या म्हणतात. चार वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात थोरल्या वडाची एक फांदी मोडली आणि खालच्या गोठ्यावर आली. गाभण गाय गेली. गोठ्याचा मालक आपल्यातलाच माणूस, दूध घालून घर चालवणारा. त्याच्यापुढे उभे राहून निसर्गाच्या गोष्टी सांगण्याचे तोंड आमच्यापैकी कुणाला नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात ग्रामसभा झाली. एकाने सांगितले, सगळीच झाडे पाडा, वाघळेही जातील, एका दगडात दोन पक्षी. द्राक्षवाल्यांनी माना डोलावल्या. कुणी निपाचे नाव काढले. कुणी म्हणाले, वटवाघूळ तसेही अपशकुनीच. सभा जवळजवळ ठरवूनच उठत होती. तेवढ्यात एका म्हातारीने विचारले, "शेजारच्या गावानं पाडली, तवा काय झालं ते इसरला का?"

शेजारच्या गावाने आमच्या दोन वर्षे आधी नेमके हेच केले होते, आणि तेही चैत्रात. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. आपल्याकडे माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ही पिल्ले जन्मतात. पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असते. पुढे ते जड झाले की आई त्याला झाडावर ठेवून रात्री चरायला जाते. त्याला स्वतः उडता यायला अडीच-तीन महिने लागतात. त्या गावात कटर चालला तेव्हा पिल्ले जमिनीवर पडली. मोठी वाघळे उठली, दोन-तीन रात्री मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली, आणि मग कुठे गेली? आकाशात विरघळली नाहीत. मैलभरावरच्या एका आंब्याच्या बागेत जाऊन बसली. त्या बागायतदाराने फटाके लावले, तेव्हा ती शाळेमागच्या निलगिरीवर गेली. झाडांचे लाकूड विकून ग्रामपंचायतीला जे मिळाले ते एका गटाराला पुरले नाही. म्हातारीने एवढे आठवून दिले आणि आमच्या सभेने निर्णय एक महिना पुढे ढकलला. त्या एका महिन्यात आम्ही जे शिकलो आणि पुढच्या तीन वर्षांत जे करून पाहिले, ते सांगायला आज आलो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे आपण झाड पोकळ झाले की ते मेले असे धरतो. झाड कशावर जगते? सालीच्या लगत आत जो ओल्या लाकडाचा पट्टा असतो, त्यातून पाणी वर चढते, आणि सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेले अन्न खाली उतरते. मधला गाभा हा जुना, बहुतांशी मेलेलाच भाग आहे. तो वजन पेलायला मदत करतो, पण झाडाचे पोट त्यावर चालत नाही. म्हणून आतला गाभा कुजून ढोली झालेली चिंच दरवर्षी आकड्यांनी लगडते. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात जो प्रसिद्ध महावड आहे, त्याचे मूळ खोड बुरशीने कुजले म्हणून 1925 मध्ये काढून टाकले. मधले खोडच नाही आणि वड आजही आपल्या पारंब्यांच्या पायांवर पसरतो आहे.

दुसरी गोष्ट, झाड जखम भरून काढत नाही. माणसाच्या कातडीसारखे त्याचे नसते. अमेरिकेच्या वनखात्यातला ॲलेक्स शिगो नावाचा माणूस आयुष्यभर झाडांचे ओंडके उभे चिरून पाहत राहिला. त्याने 1970 च्या दशकात दाखवून दिले की झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करते, कूज त्या भिंतीच्या आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. जखम तशीच राहते, तिला कुंपण पडते. हे एकदा कळले की आपण आजवर झाडावर केलेले बरेच उपचार उलटे होते हे ध्यानात येते. आमच्या चिंचेच्या ढोलीत आमच्याच वडीलधाऱ्यांनी एके काळी सिमेंट-वाळू भरली होती. चांगल्या हेतूने भरली. पण झाड वाऱ्याने हलते आणि सिमेंट हलत नाही. मधल्या फटीत पाणी साचले आणि कूज थांबण्याऐवजी वाढली. ढोली खरवडून "साफ" करणेही तसेच. खरवडताना झाडाने बांधलेली ती भिंतच आपण फोडतो. जखमेला डांबर फासण्यानेही कूज थांबत नाही. भिरूड लागलेल्या आंब्याचा उपचार वेगळा, तो आपण जाणता. इथे गोष्ट जुन्या कुजीची आहे.

मग धोका ओळखायचा कसा? आम्ही एक लाकडी मोगरी घेतली आणि बुंध्याभोवती हातभर अंतराने ठोकत फिरलो. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी ढोलक्यासारखा. जिथे ढोलके वाजले तिथे खडूने खूण केली. एका फेरीत बुंध्याचा नकाशा तयार होतो. मग शंकेच्या दोन-तीन ठिकाणी सुताराच्या बारीक गिरमिटाने भोक पाडून भरीव लाकूड किती जाड उरले आहे ते पाहिले. जास्त भोके पाडू नका. प्रत्येक भोक कुजीला नवी वाट आहे. जर्मनीतल्या अभ्यासकांनी पडलेल्या आणि न पडलेल्या शेकडो झाडांवरून एक अंदाज बांधला आहे. बुंध्याच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाइतकी भरीव भिंत शाबूत असेल तर झाड सहसा मोडत नाही. आपल्या हिशेबात सांगायचे तर बुंध्याचा घेर बारा फूट असेल तर त्रिज्या तेवीस इंचांच्या आसपास येते, म्हणजे भिंत साडेसात इंच हवी. साल त्यात धरायची नाही. ढोलीला मोठे तोंड असेल, बुंधा एका बाजूने उघडा असेल, तर एवढ्यावर विसंबू नये. आणि हा अंदाज खोडाचा आहे, मुळांचा नाही. बुंध्याच्या तळाशी, मुळांच्या फुटव्यात छत्र्या उगवल्या असतील, एका बाजूची माती उचललेली दिसत असेल, झाड नव्याने कललेले असेल, तर मोगरी खाली ठेवा आणि आधी गुरे तिथून हलवा.

आमच्या थोरल्या वडाची भिंत पुरेशी निघाली. मोडली ती फांदी, खोड नव्हे. ती का मोडली, तर तिच्या बेचक्यात पाणी मुरत होते आणि तिच्या टोकाला सगळे वजन गेले होते. खालच्या फांद्या गेली कित्येक वर्षे जळणासाठी आणि शेळ्यांसाठी आम्हीच तोडत आलो होतो. झाड बिचारे वरवर आणि लांब लांब वाढत गेले.

चिंचेचे निदान निघाले ते ऐकून आम्हाला जास्त लाज वाटली. तिची एक पूर्ण बाजू आगीने होरपळलेली होती. ऊस गेला की पाचट पेटवायचे आणि बांधाकडे पाठ करून उभे राहायचे, हे आमच्या भागात वर्षानुवर्षे चालले. साल जळाली की तिथून बुरशी शिरते, मागून वाळवी येते, आणि वीस वर्षांनी आपण म्हणतो झाड म्हातारे झाले. पाइपलाइनसाठी जेसीबीने चर मारताना बुंध्याला लागून मुळे तोडणे, बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधून मुळांना गुदमरवणे, ही सगळी आमचीच कामे. सरकारला शिव्या द्यायला आम्ही मागे नसतो, पण या खात्यावरचा जमाखर्च आमच्या नावावर आहे.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय झाडाला हात न लावता होतो. फांदी पडेल ती कुणावर, एवढाच प्रश्न असतो. रिकाम्या पडीक जागेवर पडणारी फांदी हा धोका नव्हे, ते जळण आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून तो गोठा तीस हात मागे सरकवला. पत्रे तेच, वासे तेच, मजुरी आमची. ज्याची गाय गेली होती त्याच्या मनातला राग त्या दिवशी निम्मा उतरला. गाय काही परत आली नाही. तळ्याकाठी कपडे धुवायचा दगडही हलवला. वडाखाली दुपारी पोरे झोपायची ती जागा काटेरी फांद्यांनी बंद केली. पोरांनी ती दोनदा उघडली, आम्ही तीनदा बंद केली.

त्यानंतर वजन उतरवण्याचे काम. इथे लक्ष द्या, कारण बहुतेक झाडे इथेच मारली जातात. आपला लाकूडतोड्या फांदी बुंध्याला लागून सपाट कापतो, किंवा सगळा डेरा उडवून नुसता खांब ठेवतो. दोन्ही चूक. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. त्या कड्याच्या बाहेर कापायचे, कडे कापायचे नाही, कारण झाडाची कुंपणाची भिंत तिथूनच उभी राहते. जड फांदी असेल तर आधी हातभर बाहेर खालून अर्धा काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल सोलवटत खाली येत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेर काढायचा. वजन टोकाकडून कमी करायचे. लांब फांदी मागे आणून एखाद्या जिवंत, जाड उपफांदीपाशी संपवायची. एका वर्षात डेऱ्याचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त नाही. पाने ही झाडाची चूल आहे. चूल विझवली तर कुंपण बांधायला बळ कुठून येणार? आम्ही हे काम तीन वर्षांत वाटले.

थोरल्या वडाच्या एका आडव्या फांदीला खालून दोन बेचक्यांचे टेकू दिले, मध्ये गोणपाट घातले म्हणजे साल सोलत नाही. लोंबत्या पारंब्यांना पोकळ बांबूत माती आणि शेणखत भरून जमिनीपर्यंत वाट करून दिली. एक पारंबी जमिनीला लागून आता मनगटाएवढी झाली आहे. दोन वाळल्या. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री नावाचा फार जुना वड आहे. तिथेही 2018 मध्ये फांद्यांना टेकू आणि पारंब्यांना नळ्या असेच काम झाले. त्याच्या खोडात वाळवीसाठी सलाइनच्या बाटल्यांनी औषध सोडले, त्याची छायाचित्रे सगळीकडे छापली गेली. वटवाघळांच्या झाडात औषध सोडण्याच्या भानगडीत आम्ही मात्र पडलो नाही.

काम कधी करायचे, याचे आमच्या गावापुरते उत्तर ठरले आहे. दसरा ते संक्रांत. पावसाळी वारे संपलेले असतात, मोठ्या वटवाघळांची पिल्ले उडती झालेली असतात आणि नवी जन्मायची असतात. लहान वाघळांची पिल्ले बरीचशी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पावसाच्या आगेमागे होतात, त्यांनाही हा काळ त्यातल्या त्यात बरा. शिवाय पुढच्या वळवाच्या आत झाड हलके होते. फाल्गुन ते आषाढ करवत घरात. जीवावरची फांदी असेल तर ती अपवाद, पण मग तेवढीच फांदी. आणखी एक, उन्हाळ्यात डेरा छाटून सावली काढली तर पारा चाळिशीच्या बराच वर गेल्यावर ही वटवाघळे उष्माघाताने टपाटप पडतात. विदर्भातल्या भावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ढोलीतल्या लहान वाघळांचा हिशेब वेगळा आहे. मोठ्यांना उंच डेरा आणि जवळ पाणी लागते, ढोली लागत नाही. लहानांना ढोली, सालीची फट, वाळलेल्या लाकडाची चीर लागते, म्हणजे आपण ज्याला झाडाचा रोग म्हणतो तेच त्यांचे घर. कापायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी दिवेलागणीला झाडाखाली गुपचूप बसा. ढोलीच्या तोंडाशी तेलकट काळा डाग, खाली बारीक चुरचुरीत लेंड्या, दिवसा आतून चिवचिव, या खुणा. आत टॉर्च मारू नका, धूर तर मुळीच करू नका. चिंचेच्या वरच्या दोन वाळक्या फांद्या आम्ही कापल्या, पण ढोलीचे खोड पंधरा फुटांपर्यंत तसेच ठेवले आहे. वरचे वजन गेल्यावर ते पडायचे कारण उरले नाही. एखादे झाड पाडावेच लागले तर ढोलीचा तुकडा अखंड कापून, दोराने हळू उतरवून, शेजारच्या झाडाला तोंड त्याच दिशेला ठेवून बांधतात. इंग्लंडात 1981 च्या कायद्याने वाघळांना संरक्षण आहे, तिथे अशी कामे होतात. आम्ही अजून ते केलेले नाही.

हे सगळे कशासाठी, असे विचाराल. आम्ही भूतदयेचे व्याख्यान द्यायला आलेलो नाही. लहान वाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किडे खाऊ शकते. अमेरिकेत टेक्सासमधल्या कापसाच्या पट्ट्यात वाघळे बोंडअळीचे पतंग खातात, त्याची किंमत 2006 मध्ये तिथल्या अभ्यासकांनी आठ काउंटींपुरती काढली, ती वर्षाला सात लाख चाळीस हजार डॉलरच्या घरात आली. तिथली बोंडअळी आणि आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी एकाच कुळातल्या. आपल्याकडे हा हिशेब कुणी आपल्या शेताच्या पातळीवर मांडून दिलेला नाही, म्हणून आम्हीही आकडा फेकत नाही. मोठी वटवाघळे मोहाच्या फुलांवर परागीभवन करतात, वड, पिंपळ, उंबर, जांभळाच्या बिया मैलोन्‌मैल नेऊन टाकतात. कोकणातली मंडळी इथे आहेत, ती सांगतील की वटवाघळे काजूचे बोंड खातात आणि बी झाडाखाली टाकतात, लोक ती गोळा करतात.

पण द्राक्षवाल्यांच्या नुकसानीवर आम्ही पांघरूण घालणार नाही. मणी भरले की वाघळे येतात. चिकूवर येतात, पेरूवर येतात. ज्याने कर्ज काढून बाग लावली त्याला जांभळाच्या बियांचे कौतुक सांगून चालत नाही. उपाय जाळीचा आहे, आणि जाळी ताणून, बारीक छिद्रांची, मांडवापासून थोडी वर बांधली तर बागही वाचते आणि वाघूळही अडकून मरत नाही. जाळीला पैसा लागतो. झाड सगळ्या शिवाराचे आणि जाळीचा खर्च एकट्याचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. म्हणून आमच्या गावात तळ्याच्या मासेमारीच्या लिलावातून दोन लगतच्या बागांना जाळीसाठी हातभार लावला. थोडाच लावला. मारून प्रश्न सुटतो असे ज्यांना वाटते त्यांनी मॉरिशसकडे पाहावे. तिथे आपली मराठी माणसेही आहेत. तिथल्या सरकारने लिची-आंब्यासाठी 2015 आणि 2016 मध्ये हजारो वटवाघळे मारली. फळांचे उत्पन्न वाढले नाही.

निपाचे काय? भीती खोटी नाही. केरळात 2018 मध्ये माणसे गेली. महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 च्या मार्चमध्ये पकडलेल्या वाघळांत पुण्याच्या विषाणू संस्थेला या विषाणूच्या खुणा सापडल्या. म्हणून काय करायचे? उष्टे, चोचलेले फळ खायचे नाही, जनावरांना घालायचे नाही. शिंदीची नीरा काढणाऱ्यांनी मडक्याला तट्ट्याचे झाकण बांधावे. झाडाखालची लीद गोळा करायची तर ती ओली करून, तोंडाला फडके बांधून. मेलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवू नये. आणि वसाहत पिटाळू नये, कारण पिटाळलेली, उपाशी, बिथरलेली वाघळे गावभर पांगतात.

कायद्याबद्दल थोडक्यात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळे कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि मोठे वटवाघूळ आता संरक्षित आहे. झाडांसाठी 1964 चा वृक्षतोडीचा कायदा. त्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, फणस, मोह आहेत. स्वतःच्या बांधावरची चिंच पाडायला परवानगी लागते. गंमत अशी की परवानगीच्या अर्जात तोडणे एवढाच प्रश्न असतो. झाड ठेवून धोका कसा काढावा हे विचारायचे तर त्याला ना अर्ज, ना माणूस. आमच्या अर्जावर जो साहेब आला तो झाडाकडे न पाहता बुंध्याचा घेर मोजून गेला. आमची मागणी अनुदानाची नाही. दोराने झाडावर चढून शास्त्रशुद्ध छाटणी करणारी तीन-चार पोरे प्रत्येक तालुक्यात तयार व्हावीत, एवढीच आहे. ते काम शिकलेल्या गड्याला वर्षभर मजुरी मिळेल.

आणि झाड वाचवले म्हणून जिंकलो असेही समजू नका. मिरज तालुक्यातल्या भोसे गावाजवळचा, चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड तुम्हाला आठवत असेल. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. 2020 मध्ये लोक उभे राहिले, मुंबई-दिल्लीपर्यंत बातमी गेली, झाड राखायचे ठरले. 2022 च्या पावसाळ्याच्या तोंडावर तो वड कोसळला. रस्त्यासाठी अडवून धरणे हे एका दिवसाचे काम, मुळांभोवतीची माती सांभाळणे हे वर्षानुवर्षांचे. म्हणून आम्ही तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेल्या आषाढात वडाच्या पुरुषभर उंचीच्या पाच फांद्या रोवल्या. तीन फुटल्या आहेत. थोरला वड उद्या गेलाच तर वाघळांना कुठे जायचे हे आत्ताच ठरवलेले बरे, नाही तर ती ठरवतील आणि आंब्याच्या बागेत बसतील.

थोरल्या वडाच्या पूर्वेच्या फांदीचे अजून ठरलेले नाही. तिच्यावरच सगळ्यात जास्त वाघळे लटकतात आणि तिच्याच बेचक्यात मोगरी ढोलक्यासारखी वाजते. गावात दोन मते आहेत, आमच्यातही दोन आहेत. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा तळ्यावर जमणार आहोत. ज्यांच्या बांधावर असे झाड आहे त्यांनी यावे. येताना मोगरी आणि गिरमिट घेऊन यावे, आणि शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला यावे, म्हणजे वाघळे उठताना पाहता येतील. जेवणाची सोय गोठ्याच्या मालकाकडे आहे.